मागच्या भिंतीवरची बस

गुरुवार, ८ जानेवारी २०२६
सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे
चाकण

प्रिय गणराज,

भिंत खरवडून झाली आहे, पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारला आहे, आणि तो वाळेपर्यंत मी पालथ्या बादलीवर बसून हे पत्र लिहीत आहे. कागदाला रंगाचे बोट लागले असेल तर समजून घे.

तुमच्या व्यसनमुक्ती केंद्रात चार महिने फोन मिळणार नाही हे तुला सोडायला आलो तेव्हाच सांगितले होते. पत्र चालते हे मात्र आमच्या संस्थेच्या विलाससरांकडून परवा कळले. त्या दिवशी तू गाडीतून उतरताना मला जे बोललास ते मी मनावर घेतलेले नाही. भेटायचा वार गुरुवार आणि इकडे कारखान्यांची सुट्टीही गुरुवारीच. कंपन्यांचे लोक नेमके त्याच दिवशी आमच्याकडे येतात, म्हणून मला येता आले नाही. दुसरे कारण नाही.

तू आमचे मुलांचे केंद्र पाहिलेले नाहीस. कामगारांच्या खोल्यांची एक लांब रांग आहे. तिच्यापुढे आमच्या विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. शाळा सुटली की चाळीसेक मुले येतात, अभ्यास करतात, खिचडी खातात. रस्त्याकडच्या भिंतीला तेवढा गिलावा आहे. कंपनीचे लोक सामाजिक जबाबदारी म्हणून एकसारखे टी-शर्ट घालून येतात आणि ती भिंत रंगवतात. फोटो काढतात, खिचडी वाढतात आणि जातात. पुढच्या कंपनीला भिंत कोरी लागते, म्हणून आधीचे चित्र मी पुसतो. गेल्या वर्षी तिच्यावर पाच वेळा झाड आले आणि दोन वेळा पृथ्वी. मी खाली एक थेंबही सांडू देत नाही. विलाससर म्हणतात, भिंत तयार करावी तर जयदीपने.

आता मनातले लिहितो. दिवाळीपासून इथे एक नवा आला आहे. त्याचे नाव लिहीत नाही, तुमच्याकडे पत्रे उघडून बघतात असे ऐकले आहे. समाजकार्याचे कॉलेज शिकलेला आहे. मी दहावीला दोनदा बसलो हे तुला माहीत आहेच. मी इथे पाच वर्षे आहे, तो तीन महिने. तरी मुले दारातून आत येताना आधी त्याला हाक मारतात. तो पालकांच्या खोल्यांत जाऊन चहा पितो. मुलांच्या सायकलींची पंक्चर काढून देतो, कारण त्याच्या वडिलांचे डांगे चौकाजवळ गॅरेज आहे. आणि गुरुवारी, खरे राबायचे असते त्या दिवशी, साहेब सुट्टी घेतात. कुठे जातो ते सांगत नाही.

एप्रिलपासून एक जागा कायम होणार आहे, एकच. बाकीचे मानधनावर. सरांनी अजून नाव सांगितलेले नाही. ती जागा मिळाली तर आई पिंपळे गुरवची धुणीभांडी सोडू शकेल. मला दुसरे काही सुचत नाही.

पहिला हात वाळला. थांबतो.

तुझा,
जयदीप

*

रविवार, १८ जानेवारी
भोर

जयड्या,

पत्र मिळालं. उघडून वाचतात ही अफवा आहे. इथं कुणाला वेळ नाही. पहाटे पाचला उठवतात, मग बटाटे सोलायचे, मग गोल करून बसायचं आणि प्रत्येकानं सांगायचं की आपण घरच्यांना कसं फसवलं. माझं सांगून संपतच नाही. एक म्हातारे मास्तर आहेत माझ्या शेजारी, ते म्हणतात, गणराज, तुझी मालिका चांगली चाललीय.

तू पाठवलेले मोजे पोचले. चकली पण. चकली मास्तरांनी अर्धी खाल्ली, दात नाहीत तरी. मोजे लई कामाला आले, इथली फरशी बर्फासारखी असते. त्या दिवशी गाडीतून उतरताना मी तुला नाही नाही ते बोललो, तुझ्या आईवरून पण बोललो, आणि तू मोजे पाठवतोस. मला वाटलं होतं तू आता येणार नाहीस, पाठवणार नाहीस, मेलो का जगलो विचारणार नाहीस.

तू ज्याला पाठवतोस तो माणूस चांगला आहे. दर गुरुवारी येतो. मागच्या वेळी इथली पाण्याची मोटर बंद पडली होती, तर भेटायची वेळ संपेपर्यंत ती उघडून बसला. मी म्हटलं, भावा, तू मला भेटायला आलास का मोटरीला? तर म्हणतो, तू बोलत नव्हतास, मोटर निदान आवाज तरी करते.

त्या नव्याचं मनाला लावून घेऊ नको. पाच वर्षं पाच वर्षं असतात.

तू स्वतः कधी येतोस?

गणराज

*

गुरुवार, २९ जानेवारी २०२६
दुपारचे दोन

प्रिय गणराज,

मोजे बसले हे चांगले झाले. तुझ्या पायाचे माप मला माहीतच आहे. त्याबद्दल आभार मानू नकोस, आपल्यात ते नको.

इकडे काय चालले आहे ते सांगतो, कारण घरी सांगितले तर आई म्हणते, तू दुसऱ्याच्या ताटात बघणे सोड.

मागच्या कंपनीचे रंगाचे डबे उरले होते. ते मी झाकणे घट्ट लावून ठेवले होते. नव्याने मला न विचारता ते मुलांना दिले आणि सांगितले की तुमचे आईवडील कंपनीत काय बनवतात ते या भिंतीवर काढा. आता यांच्या आईवडिलांना पूर्ण वस्तू कोणी बनवायला देत नाही. एकाचा बाप सायलेन्सर वेल्डिंग करतो. एकीची आई दिवसभर वायरी गुंडाळते. सादिका नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे, तिची आई आरशाच्या काचा बसवते. कोणाचे सीट, कोणाचे रबर, कोणाचा नुसता नट. मुलांनी ते सगळे सुटे सुटे काढले. मग नव्याने खडूने त्याभोवती एक मोठी रेघ ओढली आणि ती एक बस झाली. प्रत्येकाचा भाग आपापल्या जागी.

आज कारखान्यांना सुट्टी, म्हणून पालक बघायला आले. पाच वर्षांत मी पालकसभेच्या चिठ्ठ्या वाटल्या, तेव्हा चार जण यायचे. आज सगळी रांग रस्त्यावर उभी होती. सायलेन्सरवाले उद्धवराव लातूरकडचे आहेत. ते भिंतीजवळ गेले आणि हात न लावता म्हणाले, "आरं, हे हितं बसतंय व्हय? मला वाटायचं, पुढं असंल." अकरा वर्षे तो भाग बनवत आहेत.

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "ते सर कुठं हायत?"

मी म्हणालो, सुट्टीवर.

मी तिथेच उभा होतो, गणराज. भिंत माझी, तिच्याखालचा गिलावा मी घासून गुळगुळीत केलेला, आणि कौतुक घ्यायला जो हजरसुद्धा नाही त्याचे नाव.

१२ फेब्रुवारीला एक कंपनी येणार आहे. त्यांना भिंतीवर झाडे काढायची आहेत. सर दिल्लीला गेले आहेत, फोनवर म्हणाले, "भिंतीचे तुम्ही दोघे बघा." नवा म्हणतो, बस राहू दे, त्या लोकांना मागचे तुंबलेले गटार दाखवू. साठ इंजिनीयर लोकांना गटार! मला म्हणतो, "जयदीपभाऊ, चहा घेणार, का आज पण भिंतच प्यायची?" मुले हसली. मी पण हसलो, पण पोटात काहीतरी तापलेले होते ते संध्याकाळपर्यंत गार झाले नाही.

तुझा,
जयदीप

*

रविवार, ८ फेब्रुवारी

जयदीप,

तुझं पत्र वाचायच्या आधीच मला ती बस माहीत होती. सायलेन्सर, आरसा, खडूची रेघ, सगळं. गुरुवारी अनिसनं सांगितलं होतं. कागदावर काढून पण दाखवलं. मी पत्र तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात उजेड पडला. तुझा नवा म्हणजे अनिस. आणि माझा गुरुवारचा माणूस म्हणजे पण अनिस.

त्यानं तुझ्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. म्हणतो, जयदीपला भिंतीवरचा एक फोड चालत नाही, मी त्याच्याकडून शिकतोय.

तुला एक सांगितलं नव्हतं. जानेवारीत एका गुरुवारी मी पिशवी भरली होती. गेटपर्यंत गेलो पण होतो. समोर अनिस. मी त्याला शिव्या दिल्या, तुला दिल्या त्याच्यापेक्षा घाण. त्यानं पिशवीतून मोजे काढले आणि म्हणाला, जयदीपनं पाठवलेत, घालून बघ, बसले नाहीत तर बदलून आणायला सांगितलंय. मी तिथंच पायरीवर बसून घातले. आता मोजे घालून माणूस पळणार कसा? त्याची शेवटची एसटी गेली, तो ट्रकनं गेला.

तेव्हा एकच विचारतो. मोजे तू पाठवलेस का? होय का नाही, एवढंच लिही.

पाडव्याला माझी सुटी होते. न्यायला घरचं माणूस लागतं. मी तुझं नाव दिलंय.

गणराज

*

शुक्रवार, १३ फेब्रुवारी २०२६
सकाळचे साडेनऊ

प्रिय गणराज,

तुझे पत्र मला बुधवारी दुपारी एक वाजता केंद्रात मिळाले. मुले शाळेत होती. अनिस संस्थेच्या कचेरीत गेला होता. मी पत्र वाचले, घडी केली, खिशात ठेवले आणि डिस्टेंपरचा डबा उघडला.

मी बस पुसली.

मुले माझी, ती त्याने घेतली. भिंत घेतली. पालक घेतले. आणि शेवटी तू. वीस वर्षांपासूनचा माझा मित्र, थेरगावला एका खोलीत आपण वाढलो, एका वहीत अभ्यास केला, तो पण गुरुवार गुरुवार करून त्याने घेतला. हात चालत होता आणि डोक्यात एवढेच चालले होते. दोन हात मारले. सायलेन्सरचा काळा रंग वर येत होता म्हणून तिथे तिसरा. रंग सांडला नाही.

मुले आली तेव्हा कोणी रडले नाही, कोणी भांडले नाही. फक्त सादिका म्हणाली, "दादा, माझ्या आईचा आरसा?" मी म्हणालो, उद्या पाहुणे येणार आहेत.

काल कंपनीचे लोक आले. झाडे काढली. त्यांच्या मॅडम माझ्याबरोबर फोटो काढून म्हणाल्या, असे तयार केंद्र त्यांनी दुसरीकडे पाहिले नाही. रस्त्याच्या पलीकडे पालक उभे होते. उद्धवराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पुसायचंच व्हतं तर आदी सांगायचं, सर. बायकूला गावाकडं फोटो धाडायचा राहिला." गणराज, मी आजवर कंपन्यांच्या प्रत्येक चित्राचा फोटो काढून ठेवला आहे. त्या बसचा माझ्याकडे एकही नाही. मुद्दाम काढला नव्हता.

पालकांनी अनिसला विचारले, कोणी पुसले. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आमच्या दोघांचं ठरलं होतं." त्याने माझे नाव घेतले असते तर मला जास्त बरे वाटले असते. तेवढा दोष सुद्धा तो मला एकट्याला मिळू देत नाही.

सर संध्याकाळी फोनवर म्हणाले, कंपनी खूश आहे, पुढच्या वर्षाचा निधी नक्की. एप्रिलची जागा तुझी समज.

म्हणजे मला मिळाली.

तुझा,
जयदीप

*

रविवार, २२ फेब्रुवारी

जयदीप,

बारा तारखेला कोणी आलं नाही. आता कळलं का. मास्तर दाराकडं बघत होते, चकलीसाठी. मी पण बघत होतो. एकोणीसला अनिस आला. रोजे सुरू झालेत त्याचे, तरी उन्हात आला. बसबद्दल एक शब्द बोलला नाही. मीच विचारलं तर म्हणाला, भिंत आहे, परत रंगवता येईल.

मोज्यांचं तू लिहिलं नाहीस. मी दोन ओळींच्या मधे पण शोधलं.

तुला राग येईल, पण मी आता रोज गोलात बसून खरं बोलायला शिकलोय, तर बोलतो. तुम्ही संस्थावाले लोक आम्हाला वाटून घेता का रे? ही मुलं माझी, ती तुझी, हा दारुडा माझा. मी गेटपाशी पिशवी घेऊन उभा होतो तेव्हा मला कुणाचा व्हायचं नव्हतं. मला फक्त कुणीतरी यायला पाहिजे होतं. तू आला असतास तर तू. तो आला.

आणि तुला अनिसचा राग येतो, तो वाईट आहे म्हणून नाही, चांगला आहे म्हणून. तो वाईट असता तर तू आनंदानं माझ्याकडं कागाळ्या लिहिल्या असत्या आणि मी पण तुझ्या बाजूनं शिव्या दिल्या असत्या.

मोजे धुऊन घडी करून उशाला ठेवलेत. कुणाचे आहेत ते कळव, मग घालतो. फरशी अजून गारच आहे.

गणराज

*

गुरुवार, ५ मार्च २०२६
दुपारचे चार वाजून वीस मिनिटे
चाकण

प्रिय गणराज,

मी परत बादलीवरच बसलो आहे, पण या वेळी केंद्राच्या मागच्या बाजूला. हात सिमेंटचे आहेत, म्हणून अक्षर नीट येत नाही.

मोजे मी पाठवले नव्हते. चकलीही नाही. मला वाटले, सर संस्थेच्या ड्रायव्हर बंटीला गुरुवारी पाठवत असतील, आणि तू माझे आभार मानलेस ते मी ठेवून घेतले. ते अनिसचे आहेत. घाल.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी अनिसला विचारले. तो केंद्रात सतरंज्या झटकत होता. मी म्हणालो, "माझ्या मित्राकडे माझे नाव सांगून का जात होतास?" तो म्हणाला, "भोरच्या केंद्रातून फोन आला होता, गणराजला कोणी येत नाही म्हणून. तुम्ही रंग आणायला गेला होतात. परत आल्यावर तुम्हाला सांगितलंही. तुम्ही म्हणालात, आता नको, भिंत ओली आहे."

मला आठवत नाही. पण मी असे म्हणालो असेन.

"आणि मोजे?"

"राव, तो पहिल्या दिवशी माझ्याकडं बघतच नव्हता. माझ्या मागं दाराकडं बघायचा. विचारायचा, जयदीप नाही आला? मी कोण त्याचा? माझे मोजे त्यानं घातले असते का?"

मी सतरंजीचे दुसरे टोक धरले. दोघांनी झटकली, धूळ दोघांच्या नाकात गेली, तो शिंकला आणि मी पण.

सोमवारी सर दिल्लीहून आले. मी कचेरीत जाऊन उभ्यानेच सगळे सांगितले: बस कोणी पुसली, का पुसली, तुझ्याकडे कोण जाते आणि कोण जात नव्हते. सरांनी पेन बंद केले. मग म्हणाले, "पैसे त्यांचे आहेत, जयदीप. रस्त्याकडची भिंत त्यांना द्यावीच लागते. ती माझी लाचारी समज. पण मुलांची भिंत पुसायला मी सांगितले नव्हते." मी विचारले, "मग मागची?" ते म्हणाले, "मागच्या भिंतीला गिलावा कुठे आहे?" मी म्हणालो, "करतो."

सरांनी जागा मग अनिसला दिली. एप्रिलपासून तो कायम, मी आणखी एक वर्ष मानधनावर. आईला सांगितले तेव्हा ती कांदा चिरत होती. म्हणाली, बरं. मग थोड्या वेळाने म्हणाली, गणराजला कधी आणायचंय?

आज सकाळपासून गिलावा चालू आहे. उद्धवराव आणि आणखी तिघे सुट्टीचे आले आहेत. मागची भिंत खोल्यांच्या बाजूला आहे. दार उघडले की समोर तीच दिसेल, कामावर जाताना आणि येताना. रस्त्यावरून जाणाऱ्याला ती दिसणार नाही आणि कोणत्याही कंपनीच्या फोटोत येणार नाही. हे मला आधी सुचायला हवे होते. पाच वर्षांत मी या बाजूला फक्त रंगाचे ब्रश धुवायला यायचो.

उद्धवरावांना मी विचारले, गिलावा नीट जमला का. थापी बाजूला ठेवून म्हणाले, "जमला. आता पुसू नका म्हंजे झालं." सगळे हसले. मी पण हसलो. या वेळी पोटात काही तापले नाही, पण ते उद्धवराव होते म्हणून. अनिस हसवतो तेव्हा अजून तापते, हे तुला लिहून टाकतो. त्याचा रोजा आहे, त्याने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, आणि तरी मुले त्याच्याच भोवती. मला वाटते हे जायला वेळ लागेल. कदाचित जाणार नाही. पण मी त्याच्या हातातले घमेले घेतले आणि त्याला सावलीत बसवले, ते कोणी बघत नव्हते तेव्हा.

बस पुढच्या आठवड्यात निघेल. सादिकाने सगळ्यांना सांगून ठेवले आहे की जयदीपदादाला ब्रश द्यायचा नाही. मला शिडी धरायला दिली आहे.

पाडव्याला आम्ही दोघे येतो. रोज्यांचे शेवटचे दिवस असतील, म्हणून सकाळची एसटी धरू. गेटमधून बाहेर आल्यावर तू आधी कोणाकडे बघतोस ते मी बघणार आहे. आधी अनिसकडे बघितलेस तरी चालेल. मागाहून माझ्याकडे बघ.

हिशेब खाली लिहिला आहे. तुला द्यायचा नाही, फक्त कळवायचा म्हणून.

अनिसला देणे:
मोजे ८०
चकली १२०
एसटी, आठ गुरुवार २,२४०
ट्रकवाल्याला ५०
घेत नाही म्हणतो. तरी देणे आहे.

माझा खर्च:
सिमेंट, दोन पोती ७८०
वाळू ५००
रंग, पाच डबे ९५०
मोजे, एक जोड, तपकिरी ८०
हे मी घेतले आहेत.

तुझा,
जयदीप